चांदणी वांग्याचं शेवटचं पीक

ते साल दोन हजार नऊ. तसं पाहिलं तर सुरुवात आदल्या डिसेंबरात झाली आणि शेवट पुढच्या जानेवारीत, पण औशाच्या बागवान गल्लीत अजून तिला 'नऊ सालची वांग्याची भानगड' असंच म्हणतात.

भूकंपाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. लातूर पार बदललं होतं. डाळ मिलांच्या टरफलांचा वास तेवढा तोच राहिला होता. बाकी जिकडे पाहावं तिकडे क्लासेस, वसतिगृहं, मेस आणि भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलांचे पासपोर्टातल्यासारखे गंभीर चेहरे. सकाळी सहाला सायकलींच्या झुंडी सुटायच्या. त्याच गल्ल्यांतल्या एका क्लासात प्रेमलाबाई वनस्पतिशास्त्र शिकवत. एका बॅचला तीनशे पोरं, हातात माइक, आणि फुलाचे भाग शिकवताना समोर एक फूलसुद्धा नाही. याची त्यांना मनातून लाज वाटायची.

त्या मूळच्या औशाच्या. यजमान श्रीपाद तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. त्र्याण्णव साली विसर्जनाच्या मिरवणुकीला म्हणून शाळेतच मुक्कामाला राहिले आणि पहाटे दगडमातीच्या भिंतीखाली गेले. प्रेमलाबाई चार वर्षांच्या मृण्मयीला घेऊन औशात होत्या. त्या दिवसांत शेजारच्या रहमतबीने त्यांची चूल बंद पडू दिली नाही. ती काही बोलायची नाही, समजूत घालायची नाही. दोन वेळा भाकरी आणि वांग्याचं कालवण आणून ठेवायची आणि ताट रिकामं होईपर्यंत उंबऱ्यात बसून राहायची.

रहमतबीचं घराणं बागवानाचं. तीन पिढ्यांपासून त्यांच्याकडे एका वांग्याचं बी होतं. काटेरी, जांभळं, आणि बुडाशी पांढऱ्या रेघांची चांदणी उमटलेलं. चांदणी वांगंच म्हणायचे त्याला सगळे. भूकंपानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले, तेव्हा रहमतबीने पाट्या भरभरून रोपं नेली आणि शेडपुढे दोन-दोन रोपं लावून दिली. "पत्र्याकडं बघून बघून माणूस येडं होतंय," ती म्हणायची, "दाराम्होरं काहीतरी हिरवं पायजे." पुढे पक्की घरं झाली, लोक पाकिटातलं संकरित बी आणू लागले आणि चांदणी फक्त रहमतबीच्या दीड एकरात उरली.

दोन हजार आठचा पावसाळा वांग्याला वाईट गेला. अळीने फळ न् फळ पोखरलं. रहमतबी दरवर्षी उत्तम पंचवीस-तीस फळं झाडावरच पिवळी होईपर्यंत ठेवायची आणि त्यांचं बी धुऊन, राखेत घोळून बरणीत भरायची. त्या वर्षी तिला चांगली सहा फळंसुद्धा मिळाली नाहीत.

"बरणी आर्धी पण भरली न्हाई गे प्रेमला," तिने सांगितलं. "सासूच्या वक्तापासून असं कधी झालं न्हवतं."

ही गोष्ट प्रेमलाबाईंच्या डोक्यात होती. मग आली येळवस.

मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला लातूर शहरात कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानं बंद, क्लास बंद, सगळा गाव शेतात. ज्याला शेत नाही त्याने कुणाच्याही शेतात जावं. कडब्याच्या कोपीत पूजा होते, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ओळखपाळख कुणी विचारत नाही. आलेल्या माणसाला त्या दिवशी कशालाही नाही म्हणायचं नसतं आणि रिकाम्या हाताने परत पाठवायचं नसतं.

प्रेमलाबाई त्या वर्षी रेणापूरजवळ शिवलिंगच्या शेतात गेल्या. शिवलिंग त्यांचा जुना विद्यार्थी. डॉक्टर व्हायचं राहिलं, शेती करत होता, पण रस्त्यात दिसला की अजून पाया पडायचा. जेवण झाल्यावर त्या बांधाने फिरायला निघाल्या आणि विहिरीपलीकडच्या तुकड्यापाशी थबकल्या. वांग्याचं शेत होतं. काटेरी, गावठी दिसणारी झाडं, पिकून पिवळी पडलेली फळं, आणि एकाही फळाला भोक नाही. सगळ्या तालुक्यात अळीने थैमान घातलं असताना!

"शिवलिंग, हे कुठलं रे बी?"

शिवलिंग घुटमळला. "कंपनीचं हाय मॅडम. त्यांनी तुकडा भाड्यानं घेतलाय. हात लावू नका, खाऊ नका म्हणलेत. येऊन काढून नेऊत म्हणले, ते अजून आलेच न्हाईत."

लातूरभर बियाणं कंपन्यांचे असे तुकडे असायचेच. प्रेमलाबाईंनी जास्त विचार केला नाही. "मला त्यातली दहा-बारा पिकलेली दे. आमच्या रहमतआपाचं बी गेलंय यंदा."

"मॅडम, ते... त्यांनी लिहून घेतलंय."

"अरे, दहा वांग्यांनी तुझी कंपनी बुडते काय?"

तेवढ्यात त्याची आई शरणम्मा मागून आली. तिने सगळं ऐकलं होतं. "काय रे मुडद्या, बाई येळवशीला आल्यात न तू लिवलेलं सांगून राहिला व्हय? आण ती पाटी." तिने स्वतः बारा फळं तोडली आणि प्रेमलाबाईंच्या पिशवीत घातली. वर दोन उंडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी पिशवी औशाला गेली. रहमतबीने एकेक फळ हातात फिरवून पाहिलं. प्रेमलाबाई म्हणाल्या, "हे बी वेगळं पेर हं आपा. एका कडेला."

"हाव, हाव," रहमतबी म्हणाली.

पण जूनमध्ये वाफा करायची वेळ आली तेव्हा बरणीतलं बी कमी होतं आणि गिऱ्हाइकं रोपं मागत होती. प्रेमलाने येळवशीचं म्हणून आणून दिलेलं बी, त्यात काय परकं? तिने दोन्ही एकत्र कालवलं आणि सगळंच पेरून टाकलं.

त्या वर्षी ऑक्टोबरात दिल्लीची बातमी आली. दुसऱ्या जीवाचा गुण घातलेलं वांगं आता देशभर लावायला द्यावं, असं तिथल्या एका समितीने म्हटलं होतं. लातुरात त्यावर चर्चा सुरू झाल्या, मोर्चे निघाले. राजश्री नावाची एक तडफदार वकीलबाई सगळं जुळवत होती. तिने प्रेमलाबाईंना व्यासपीठावर आणलं, कारण त्यांना विषय सोपा करून सांगता यायचा. "मातीतल्या एका जिवाणूत अळी मारायचं विष असतं," त्या सांगत. "ते विष तयार करायचा गुण वांग्याच्या बीत घातलाय. आता झाडच विष करतं, पानात, देठात, फळात. ते खाऊन माणसाला काय होईल हे मला माहीत नाही, आणि ते म्हणतात त्यांना माहीत आहे. पण वांग्याच्या फुलावर भुंगा बसतो हे मला पक्कं माहीत आहे. भुंग्याला बांध कळत नाही. आपल्याकडं एकेका गावाचं एकेक वांगं आहे. त्यात हे एकदा मिसळलं की परत निवडून काढता येणार नाही."

टाळ्या पडत. अशाच एका सभेनंतर शिवलिंग दाराशी उभा दिसला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, माझ्या शेतातलं तेच होतं."

प्रेमलाबाईंना आधी कळलंच नाही.

"तेच वांगं. कंपनीचा माणूस आत्ता बोलला माझ्यापशी. येळवशीला तुम्ही नेलं ते."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी क्लासला सुट्टी टाकून त्यांनी नांदेडची एसटी धरली. तिथे त्यांचा एक विद्यार्थी, आलोक, कापूस तपासणीच्या कामावर होता. कापसात तोच गुण कधीचा आला होता, म्हणून त्याच्याकडे तो ओळखायच्या पट्ट्या असत. पान नळीत चेचायचं, पाणी घालायचं, पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर साधं झाड. दोन आल्या तर त्यात तो गुण.

"मॅडम, हे माझ्या कामात बसत नाही," आलोक म्हणाला.

"माझ्या तरी कुठं बसतं रे?"

त्याने कपाट उघडलं आणि पट्ट्यांची दोन पाकिटं त्यांच्या पर्समध्ये टाकली. रविवारी स्वतःही औशाला आला.

रहमतबी शेतात फळं तोडत होती. प्रेमलाबाईंनी तिला बांधावर बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी बी म्हणत व्हते, यंदा निम्म्या फळाला चांदणी का न्हाई उठली."

आलोकने पट्ट्या बुडवायला सुरुवात केली. पहिल्या झाडाला एक रेघ. दुसऱ्याला एक. तिसऱ्याला हळूहळू दुसरी रेघ उमटली, मेंदीच्या पाण्यासारखी फिकट, मग गडद. रहमतबी तोंडावर पदर धरून बघत होती.

"विषारी हाय का रे पोरा? मी बाजारात लोकांना खाऊ घातलं."

"खाऊन लगेच काही होत नाही म्हणतात, खाला."

"म्हणतात," ती म्हणाली.

प्रेमलाबाईंनी सगळा हिशेब मांडला. जी झाडं दोन रेघांची, ती उपटायची. जी एका रेघेची, त्यांची झालेली फळं निरुपयोगी, कारण भुंगे सगळीकडे फिरलेले. पण नव्या कळ्या उमलायच्या आधीच त्यांना कापडी पिशवी बांधली तर फूल आतल्या आत फळतं, त्यात परका पराग शिरत नाही. त्या फळाचं बी शुद्ध चांदणीचं. दोन-तीन महिने लागतील.

पट्ट्या पुरल्या तेवढी झाडं तपासली. एकतीस झाडं एका रेघेची निघाली. त्यांना लाल दोरा बांधला. रहमतबीने जुन्या मलमलच्या ओढण्या फाडून बोटभर पिशव्या शिवल्या, दोनशेच्या वर. दोन रेघांची उपटून जाळली, न तपासलेली तशीच राहिली. रोज सकाळी ती कळी-कळी बघून पिशवी चढवायची. रियाज, तिचा मुलगा, लातुरात ऑटो चालवायचा. तो हसायचा, "अम्मी, वांग्याला बुरखा घालून राहिली का?"

"तू गप. हे तुझ्या आजीनं आणलेलं हाय, आहेरात."

डिसेंबर सरेपर्यंत पिशव्यांत फळं धरली. हिरवी, सुपारीएवढी. रहमतबी एक दिवस प्रेमलाबाईंना म्हणाली, "जानेवारीत पिवळी पडायला लागतील, फेब्रुवारीत बी निघंल. तवर कुणाला बोलू नको. सरकारी माणूस आला तर समदंच उपटंल. मेरेकू बस इतने दिन दे."

"नाही बोलणार," प्रेमलाबाई म्हणाल्या. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या.

राजश्रीला मात्र कुणकुण लागली होती. ती घरी आली. "प्रेमलाताई, आपल्याकडं भाषणं खूप आहेत, पुरावा एक नाही. तुमच्याकडं आहे असं ऐकते."

"फेब्रुवारीनंतर देते."

"फेब्रुवारीत दिल्लीचा निकाल आहे. त्यानंतर काय त्याचं लोणचं घालायचं?"

प्रेमलाबाईंनी तिला चहा दिला आणि विषय बदलला.

जानेवारीच्या मध्यात लातुरात एका मंगल कार्यालयात मोठी सभा झाली. शेतकरी होते, डॉक्टर होते, सरकारी अधिकारी टिपणं घ्यायला बसले होते. कंपनीलाही बोलावलं होतं. कोट घातलेला एक हसरा माणूस आला. गोड बोलत होता. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, आकडे सांगितले. मग म्हणाला, "आमचे सगळे प्रयोग कुंपणात झाले. संपल्यावर झाडं जाळली. एक बी, मी पुन्हा सांगतो, एकसुद्धा बी बाहेर गेलेलं नाही. जे भीती घालतात त्यांनी एक झाड दाखवावं."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी वाजवली.

प्रेमलाबाई तिसऱ्या रांगेत होत्या. उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण पस्तीस वर्षं चुकीचं उत्तर ऐकलं की खडू घेऊन फळ्याकडे जायची सवय. त्या उठल्या. माइक हातात आला आणि आवाज आपोआप क्लासातल्यासारखा खणखणीत निघाला.

"मी दाखवते. औशात दीड एकरात होतं. अजूनही काही असेल."

अधिकाऱ्याने विचारलं, "तिथं कसं गेलं, मॅडम?"

एक क्षण होता. 'परागामुळे' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण रेणापूर ते औसा भुंगा उडत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"माझ्या हातानं गेलं," त्या म्हणाल्या. "येळवशीला. यांच्या तुकड्यात फळं उघड्यावर पिकून पडली होती. ना राखण, ना पाटी."

कोटवाला हसला. "म्हणजे आमच्या प्रयोगातून चोरी झाली, आणि पसरवलं मॅडमनीच."

पुढचं कुणी नीट ऐकलं नाही. काही लोक हसत होते, काही ओरडत होते. राजश्रीने कपाळाला हात लावला होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बाईंचा फोटो आला, आणि खाली शिक्षिकेनेच वांगं पसरवल्याची बातमी.

प्रेमलाबाईंनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. एकतीस झाडं तपासलेली आहेत, लाल दोरा बांधलेला आहे, पिशव्यांतली फळं पिकेपर्यंत ती ठेवावीत. अर्ज घेऊन त्या तीन कचेऱ्या फिरल्या. सगळ्यांनी तो ठेवून घेतला.

चौथ्या दिवशी पथक आलं. प्रेमलाबाई औशाला पोचल्या तेव्हा निम्मं शेत उपटून झालं होतं. त्या पथकाच्या म्होरक्यापुढे अर्जाची प्रत धरून उभ्या राहिल्या. तो चांगला माणूस होता, त्याची बहीण त्यांच्या क्लासात शिकलेली. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं खरं असंल. पण माझ्या कागदावर शेत लिहिलंय. झाड लिहिलेलं न्हाई."

लाल दोऱ्याची झाडं पिशव्यांसकट ढिगावर पडली. वांग्याची ओली झाडं लवकर पेट घेत नाहीत, म्हणून वरून रॉकेल ओतलं. रहमतबी बांधावर बसली होती. तिने एका पिशवीतलं फळ आधीच काढून घेतलं होतं, ते दाताने फोडून बघत होती. आत बी पांढरं, दुधाळ होतं. अजून रुजण्याजोगं नव्हतं.

"आपा," प्रेमलाबाई म्हणाल्या.

रहमतबीने वर पाहिलं नाही. "पूछा तो होता," ती म्हणाली. "मी हाव म्हणले असते. पण इचारायचं तरी."

तीन आठवड्यांनी दिल्लीचा निर्णय आला. त्या वांग्याला देशभर स्थगिती. निर्णय मोठमोठ्या शहरांतल्या सभांवरून झाला होता. लातूरच्या सभेचा कागद वरपर्यंत गेला होता की नाही, हे कुणालाच सांगता आलं नाही. लातुरात पेढे वाटले. प्रेमलाबाईंच्या घरीही कुणीतरी दोन पेढे ठेवून गेलं. ते तसेच वाळले.

नंतर सगळे आपापल्या वाटेने गेले. शिवलिंगला चौकशीला चार वेळा बोलावलं. शेवटी काही निघालं नाही, पण गावात तो 'कंपनीचा माणूस' झाला तो झालाच. विहिरीपलीकडचा तुकडा पुढे त्याने विकला, तिथे आता मुलींचं वसतिगृह आहे. शरणम्मा 'मी दिलं व्हतं, पोराला काय इचारता' असं शेवटपर्यंत येईल त्याला सांगत राहिली. ती तेरा साली गेली. आलोकला पट्ट्यांबद्दल लेखी ताकीद मिळाली. वर्षभरात त्याने ती नोकरी सोडली आणि नांदेडला बियाणांचं दुकान टाकलं. त्यात संकरित वांग्याची पाकिटं पुढच्याच फळीवर असतात. राजश्री औरंगाबादला गेली, अजून खटले लढवते, चांगलं नाव आहे. तिच्या भाषणांत लातूरचा उल्लेख नसतो. प्रेमलाबाई आणखी चार वर्षं शिकवत राहिल्या, मग मृण्मयीच्या लग्नानंतर एकट्याच राहू लागल्या. भूकंपातल्या गावांतून त्या दोन उन्हाळे फिरल्या, कुणाच्या परसात एखादं चांदणीचं झाड राहिलं असेल म्हणून. लोक चहा द्यायचे, असं वांगं होतं खरं म्हणायचे, आणि कुणीतरी हमखास त्याची चव सांगायचं.

रहमतबीने त्यानंतर बी धरलं नाही. पाकिटातल्या बियांची रोपं करून विकू लागली. प्रेमलाबाई औशाला गेल्या की ती बसायला चटई टाकायची, चहा करायची, तब्येत विचारायची. पण 'गे प्रेमला' म्हणणं थांबलं होतं. 'मॅडम' म्हणायची. लातुरात रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात ती वारली. प्रेमलाबाई दुपारच्या उन्हात पोचल्या. अंगणात बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. एका नव्या सुनेने ही कोण म्हणून विचारलं, तर रियाज म्हणाला, "अम्मीच्या ओळखीच्या आहेत. लातूरला शिकवायच्या."